तुझ्या मानेतली नवती

दिगू, काल तुझी तेरवी झाली आणि आज सकाळपासून मी तुझ्याशी भांडून राहिले आहे. मनातल्या मनात किती भांडायचं, म्हणून हे लिहायला घेतलं.

तुझ्या शोभानं आज निघताना पिशवी भरून संत्री दिली. म्हणाली, "बाई, घेऊन जा. त्यायनं उभं राहून तोडलेली शेवटचीच आहेत." सौंसरहून पांढुर्ण्यापर्यंत बसमध्ये ती पिशवी मी मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, खाली ठेवा ना माय, कोणी नेत नाही. त्याला काय सांगू? आता ती पिशवी कोपऱ्यात आहे आणि तिचा वास घरभर फिरतो आहे. नातवंडं विचारतात, सोलू का आजी? मी म्हणते, उद्या. रोज उद्या म्हटलं तर ती सडतील हे मला कळतं. संत्र्याच्या घरात जन्मले आहे मी.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी वाद घालू नये. मग कोणाशी घालू? पोळ्यानंतरच्या आमच्या गोटमारीवरून तू मला चिडवायचास, "तुमी पांढुर्ण्याचे लोक मोठे अजब बाप्पा. दिवसभर सावरगाववाल्यायले गोटे मारता, अन् संध्याकाळी त्यायच्याच घरी च्या प्यायले जाता." आपलंही तसंच होतं की रे. सकाळी सुरू झालेलं भांडण संध्याकाळच्या भाकरीपर्यंत मिटायचं. हे एकच असं राहिलं की त्याची संध्याकाळ झालीच नाही.

काल सगळे जेवून पांगल्यावर मी बगिच्यात गेले होते. मायच्या झाडापाशी. तिथं काय पाहिलं ते सांगायचंच आहे तुला, पण एकदम नाही सांगत. तूही कधी एकदम काही सांगितलं नाहीस. सौंसरची गोष्ट सांगायला बसलास की आधी छिंदवाड्याला जाऊन यायचास.

मला अक्षर तू दिलंस. तू धाकटा, मी मोठी, पण शाळेत तू गेलास. मला बाबांनी लवकरच घरी बसवलं, कारण पन्हेरीला पाणी द्यायला कोणी नव्हतं. जंभेरीची, त्या आंबट रानटी लिंबाची, ती इवलाली रोपं, ओळीनं लावलेली. ती बोटाएवढी जाड झाली की बाबा त्यांच्यावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करायचे. खाली मूळ जंभेरीचं, वर फळ संत्र्याचं. मी वाफ्यांत पाणी सोडायची, आणि तू शाळेतून आलास की दप्तर फेकून वाफ्याच्या मातीत काडीनं अक्षर काढायचास. पाणी येऊन ते पुसून जायचं. तू ओरडायचास, "बाई, पाणी नोको सोडू वं! आंधी वाच, मंग सोड!" असं करत करत मी वाचायला शिकले. पाणी यायच्या आधी वाचायचं, म्हणून भराभर वाचायची सवय लागली ती अजून आहे. पुडीचा कागद असो की औषधाच्या बाटलीवरचं बारीक छापलेलं असो, हातात आलं की वाचल्याशिवाय मी सोडत नाही. तुझ्या दुखण्यात मला जे काही समजलं ते या सवयीनं समजलं. म्हणजे तुझ्यामुळंच. आणि त्यावरूनच आपलं भांडण झालं, हे बघ कसं आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, मृग बहाराच्या तोडीत, तू शिडीवर होतास आणि डाव्या डोळ्यापुढं परदा पडला. वरून खाली, कोणी चादर सोडावी तसा. थोड्या वेळानं आपोआप उठला. तू उतरलास, तोंडावर पाणी मारलंस, तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकलास आणि पुन्हा चढलास. मला ते शोभानं फोनवर सांगितलं, तुझ्या नकळत. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं हजर. तू म्हणालास, "ऊन लागलं असन बाई. तू काहून आली? तुले काही कामधंदा नाही का?" मी म्हटलं, "एकाच डोळ्याले ऊन लागते का रे बाबा?" तू हसलास. पण नागपूरला यायला तयार झालास, ते माझ्यासाठी नाही, शोभा रडायला लागली म्हणून.

त्या तपासणीच्या खोलीत त्यांनी मला तुझ्याजवळ बसू दिलं. आधी साधी सोनोग्राफी झाली, मानेवरून ते यंत्र फिरवून. डॉक्टरबाई म्हणाल्या, मेंदूकडे जाणाऱ्या डाव्या नसेत चरबीचा थर जमला आहे. त्या त्याला प्लाक म्हणाल्या. तू लगेच त्याचं बारसं केलंस, "म्हंजे ढेकूळ." मग त्यांनी हाताच्या नसेतून कसलं तरी औषध सोडलं, ज्यात डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक बुडबुडे असतात. ते रक्ताबरोबर जातात आणि रक्त जिथं जिथं पोचतं तिथं पडद्यावर चमकतात. आधी मोठी नस उजळली. ढेकूळ काळंच होतं. आणि मग हळूहळू त्या काळ्या ढेकळाच्या आत एक ठिणगी चमकली. मग दुसरी. मग पुष्कळच.

"बाई, पाह्य, पाह्य! काजवे!" तू झोपल्या झोपल्या ओरडलास. डॉक्टरबाईंनी तुझं डोकं धरून ठेवलं, हलू नका काका. मी त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. त्या हसल्या नाहीत.

नंतर त्यांनी आपल्याला समजावून सांगितलं. मी म्हटलं होतं, "मी शिकलेली नाही बाई, पण अर्धं ऐकून जाणारी पण नाही. मातीत काढून दाखवल्यावानी सांगा." त्यांनी कागदावर एक गोल काढला. म्हणाल्या, नसेच्या भिंतीलाही जगायला रक्त लागतं. मोठ्या नसांच्या भिंतीत केसाहून बारीक नसा असतात, बाहेरच्या बाजूनं. भिंतीत चरबी साठून थर जाड झाला की आतल्या भागाला प्राणवायू पोचत नाही. तो भाग गुदमरतो आणि निरोप पाठवतो, मला रक्त पाठवा. मग नव्या नसा फुटतात आणि त्या थरात शिरतात.

"फुटतात" म्हटल्यावर तू खुर्चीत ताठ बसलास. मी पाहिलं ते. तिथून पुढचं तू ऐकलंच नाहीस दिगू. पुढचं मी एकटीनं ऐकलं. त्या नसा घाईत तयार होतात, कच्च्या असतात, गळतात. त्यांच्यातून रक्त थरात झिरपतं, थर आतल्या आत फुगतो, सूज वाढते, वरची साल पातळ होत जाते. आणि ती साल फाटली की तिथं रक्ताची गुठळी होते आणि ती गुठळी वर मेंदूकडं निघते. डोळ्यापुढं परदा पडला तो तशाच एखाद्या कणानं.

मी विचारलं, "पण नस बंद तं कमीच आहे ना? तुमी अर्ध्याहून कमी म्हणाल्या."

"कमी आहे, म्हणून लगेच ऑपरेशन नको म्हणते मी. पण आजी, थर किती मोठा आहे एवढंच पाहून चालत नाही. कधी मोठा थर वर्षानुवर्षं शांत बसतो. यांचा लहान आहे, पण शांत नाही."

गोळ्या दिल्या. एक रक्त पातळ राहायची, एक चरबीची. चरबीच्या गोळीबद्दल त्यांनी नीट सांगितलं, की हिनं सूज उतरते, वरची साल घट्ट होते आणि आतल्या त्या नव्या नसाही हळूहळू आटतात. आणि खर्रा बंद. तू मान डोलावलीस. एवढी मान तू बाबांपुढंही डोलावली नव्हतीस.

परतीच्या बसमध्ये सौंसर येईपर्यंत तू निम्म्या बसला सांगितलं होतंस. "माह्या मानेत नवती आली!" मागच्या सीटवरच्या माणसाला काही समजलं नाही, तर त्याला तू समजावून सांगितलंस, की झाडाला ताण दिला, पाणी तोडलं, पानं सुकली आणि मग पाणी सोडलं की कशी कोवळी पालवी फुटते, तिला आम्ही नवती म्हणतो. तशी माझ्या नसेला फुटली. सोताच्या डोळ्यानं पाहून आलो टीव्हीवर. तो माणूस म्हणाला, भाग्यवान आहात काका. आणि तू माझ्याकडं असं पाहिलंस, जसं काही तुला शाळेत बक्षीस मिळालं.

मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं का? पण तुझा तो चेहरा. इतके दिवस तू आतून घाबरलेला होतास हे मला माहीत होतं. घाबरलेल्या माणसाच्या हातातला दिवा कोण विझवतं?

आणि तुझं चुकलं तरी ते उगाच नव्हतं चुकलं. तुमच्या आळीतल्या शेषरावचं हृदय सगळ्या सौंसरला पाठ आहे. त्याची एक नस पूर्ण बंद आहे, आणि आजूबाजूच्या बारीक नसांनी वाढून रक्ताला दुसरी वाट करून दिली. त्याच्या डॉक्टरनं सांगितलं, निसर्गानंच तुमचं बायपास केलं. तेव्हापासून शेषराव छाती काढून चालतो. तू म्हणालास, शेषरावले जे हृदयात झालं ते मले मानेत झालं. शनिवारी शोभाला घेऊन जामसांवलीला गेलास, मारुतीपुढं नारळ फोडलास. शोभानं मला फोन केला, "बाई, हे तं लयच खुश आहेत. खर्रा पण सोडला." मी म्हटलं, खुश राहू दे. गोळी घेतो ना? घेतात म्हणाली.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरबाईंना शेषरावचं विचारलं. त्या म्हणाल्या, त्या नसा वेगळ्या आजी. त्या बंद वाटेला वळसा घालून पुढच्या उपाशी भागाला रक्त नेतात. या नसा पुढं काही नेत नाहीत, त्या थरातच शिरतात आणि थरालाच पाजतात. मी तुला बाहेर आल्यावर सांगितलं. तू रस्ता ओलांडत होतास. म्हणालास, "हो हो. चाल, बस सुटन."

मग पोळा आला. गोटमारीच्या दिवशी आमच्याकडचे रस्ते बंद असतात म्हणून तू त्याच्या दुसऱ्या दिवशी आलास. दरवर्षीसारखी जंभेरीची पिशवी घेऊन, लोणच्यासाठी. "मायच्या झाडाचे आहेत," म्हणालास, दरवर्षीसारखंच. आणि मी दरवर्षीसारखंच म्हटलं, "मायनं संत्रं लावलं होतं रे. तू जंभेऱ्या आणून राहिला."

त्या झाडाची गोष्ट तुझ्यामाझ्याशिवाय आता कोणाला माहीत? मायनं विहिरीपाशी स्वतः लावलेलं ते एकच झाड. बाकी सगळा बगिचा बाबांचा, ते एक मायचं. माय गेल्यावर दोन-तीन उन्हाळे वाईट गेले, ते वरून वाळत आलं. आणि बुडातून, डोळा बांधला होता त्याच्या खालून, जंभेरीचे पानसोट, ते हावरे फुटवे, उठले. हिरवेगार, सरळ, डोक्याच्या वर. दुसऱ्या कोणत्याही झाडाला तू बोटभर पानसोट वाढू देत नव्हतास. सगळा रस ते खातात, वरचं झाड उपाशी मरतं, हे तू मजुरांना ओरडून ओरडून सांगायचास. पण मायच्या झाडाला तू कात्री लावली नाहीस. "हिरवं तं आहे ना बाई. जित्तं तं आहे." मग त्या पानसोटांना काटे आले, खडबडीत आंबट फळं आली आणि तू ती फळं मायची म्हणून मला आणून द्यायला लागलास. मी लोणचं घालत राहिले. मलाही ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तर त्या दिवशी मी जंभेऱ्या धूत होते आणि तू ओसरीवर बसून सहज बोलून गेलास, "ते चरबीवाली गोळी बंद केली म्या."

माझ्या हातातली जंभेरी तशीच राहिली. "काहून?"

"काहून म्हंजे? डॉक्टरबाईनंच सांगतलं ना, तिच्यानं नवीन नसा आटतात. आता सांग, एवढ्या मुश्किलीनं नवती आली, तिले कोणी सोताच्या हातानं वाळवते का वं? बगिचेवाल्यानं असं केलं तं लोक शेण घालतीन तोंडात."

"कवापासून बंद आहे?"

"झाले काही महिने. पाह्य ना, काही झालं का मले? दुसरी घेतो ना मी. ते रक्तवाली."

दिगू, तुला राग येईल पण सांगते. आपल्या भागातल्या माणसाशिवाय ही चूक कोणी करू शकत नाही. दुसरा कोणी गोळी विसरला असता, कंटाळला असता, महाग म्हणून सोडली असती. तू ती माळ्याच्या मायेनं सोडलीस. मानेतली पालवी जपायला. आणि म्हणूनच मला तुला ओरडताही येईना. मी समजावलं. डॉक्टरबाईंचं सगळं, गोल काढून, सांगितलं. तू म्हणालास, "तू चौथी बुक शिकली नाही, अन् मले नसा शिकवून राहिली." मी म्हटलं, "शिकवलं कोणं मले? तूच ना?" तेव्हा जरा हसलास. पण गोळी घेतो म्हणाला नाहीस.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर सौंसरला आले. तुला वाटलं, बहीण चार दिवस राहायला आली. घरी चहासुद्धा न घेता मी तुला सरळ विहिरीपाशी घेऊन गेले.

"हे काय आहे?"

"झाड आहे. डोळे गेले का तुहे?"

"कायचं झाड?"

तू एक वाळकं पान खुडायला लागलास.

"हिरवं कोण आहे यातलं, दिगू? सांग. माय लावून गेली ते हिरवं आहे, का बुडातून आलं ते?"

"बाई, बोलू नोको."

"ही पण नवतीच आहे ना? नवीन आहे, कोवळी आहे, जोरात आहे. कोणाचा रस पिऊन राहिली ही? तुह्या मानेत असंच आहे रे बाबा. ते काजवे नाहीत. ते ढेकळाचे पानसोट आहेत."

तुझा चेहरा असा उतरला, की मला माझे शब्द परत तोंडात घालावेसे वाटले. तू झाडाच्या बुंध्याला हात लावलास. म्हणालास, "मायच्या झाडाले काही म्हणू नोको." मग म्हणालास, "तुमी पांढुर्ण्याचे लोक. गोटा मारल्याबिगर तुमाले चैन नाही." आणि पाण्याची मोटार सुरू करायला निघून गेलास. मी थोडा वेळ उभी राहिले. पाटाला पाणी आलं, पण तू आला नाहीस. संध्याकाळच्या बसनं मी निघाले. तू सोडायला आला नाहीस, शोभा आली. तुला उभं पाहिलं ते तेवढंच शेवटचं, मोटारीच्या खोपटाकडं जाताना, पाठमोरं.

आठवड्यानं शोभाचा फोन, "बाई, गोळी चालू केली त्यायनं." मी तुला फोन द्यायला सांगितलं. "पटलं का रे?" तर तू म्हणालास, "घेऊन राहिलो ना. पटलं-बिटलं काय करते? तू जेवली का?" नंतर जितक्या वेळा फोन झाला, तू पिकाचं बोललास, व्यापाऱ्याचं बोललास, शेषरावचं बोललास. ढेकळाचं नाव नाही, झाडाचं नाव नाही.

माझ्या जिवाला तेव्हापासून एकच लागून राहिलं. तू माझं समजलास, की नुसता मोठ्या बहिणीचा मान ठेवलास? समजून घेतलेली गोळी आणि धाकानं घेतलेली गोळी पोटात एकच काम करते, हे मला कळतं. पण मी तुझे काजवे विझवले होते दिगू. त्या बदल्यात तुला काही दिलं का मी? की माझ्या भावाला मी फक्त भीती दिली आणि तो ती गिळत राहिला, गोळीबरोबर? मला वाटलं, दिवाळीनंतर जाऊन निवांत विचारू.

आंबियाची, म्हणजे दुसऱ्या बहाराची, तोड सुरू झाली होती. एका सकाळी तू व्यापाऱ्याच्या माणसांना झाडं दाखवून घरी आलास, चहा घेतलास आणि कप हातातून पडला. शोभा सांगते, मी म्हटलं, पाहा काय पडलं हातातून, तर तू तिच्याकडं पाहत होतास पण तोंडातून शब्द येत नव्हता. सौंसरहून तुला लगेच नागपूरला नेलं. ढेकळाची साल फाटली होती.

मी पोचले तेव्हा तुझी उजवी बाजू गेलेली होती आणि बोलणं पण. सगळ्या सौंसरला पुरून उरेल इतकं बोलणारा माणूस. मी तुझा डावा हात हातात घेतला. बोलले काहीतरी, काय ते आठवत नाही, संत्र्याचंच असेल. आणि तू माझ्या तळहातावर बोट फिरवायला लागलास. हळू. गोल, मग खाली. मग पुन्हा. डाव्या हाताचं, न लिहिणाऱ्या हाताचं बोट. मी म्हटलं, थांब, पुन्हा काढ. तू पुन्हा काढलंस. मला वाचता आलं नाही रे. ते अक्षर होतं की नुसता हात थरथरत होता, तेही कळलं नाही. पाणी यायच्या आधी वाचणारी मी, माझ्या हातावरचं मला वाचता आलं नाही. मग नर्सनं बाहेर काढलं.

सगळं आटोपल्यावर मी डॉक्टरबाईंना गाठलंच. विचारलं, मधे गोळी बंद होती म्हणून झालं का? त्या म्हणाल्या, आजी, असं नक्की कोणी सांगू शकणार नाही. गोळी चालू असूनही काही थर फाटतात. काहींचे गोळी न घेता शांत राहतात. या नव्या नसा आवरल्या तर थर किती पक्का होतो, त्या का कुठं फुटतात आणि कुठं नाही, यावर अजून शोध चालू आहे. त्यांनी माझी समजूत घालायला खोटं सांगितलं नाही, म्हणून मला ती मुलगी आवडली. पण त्या उत्तरावर मला झोप लागली नाही. मला तुला दोष द्यायचा नव्हता, मला तुझं उत्तर पाहिजे होतं.

आता कालचं सांगते.

पंगती उठल्या, पाहुणे गेले. मी पाय मोकळे करायला म्हणून बगिच्यात गेले आणि पाय आपोआप विहिरीकडं वळले. मला झाड सापडेना. तुझ्या बगिच्यात, ज्या वाफ्यात मी अक्षर शिकले तिथं, मला मायचं झाड सापडेना. विहिरीपाशी ते हिरवं झुडूप नव्हतंच. मी दोनदा विहिरीला वळसा घातला. मग दिसलं. एक जुना बुंधा, एका बाजूला कललेली एकच खांदी आणि त्या खांदीला मूठभर पानं. अगदीच केविलवाणं. खाली बुडाशी, जिथून ते काटेरी पानसोट निघाले होते, तिथं एकापाशी एक कापलेले गोल. साफ, तिरपे न गेलेले, बाबा कापायचे तसे. प्रत्येकावर निळा बोर्डो मलम लावलेला. मलम जुना झाला होता, उन्हानं फिका पडला होता, आणि त्याच्या कडेनं झाडाची साल वळून आत यायला लागली होती. जखम भरत होती.

मी खाली बसले. एकेका गोलावर बोट फिरवलं.

शोभा मला शोधत आली. मी विचारलं, "हे कवा केलं यानं?"

"तुमी गेल्या ना पोळ्याच्या टायमाले, त्याच आठवड्यात. दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मंग सकाळीच आरी घेऊन आले इथं. मी म्हटलं, मायचं झाड आहे, काहून कापता? तं म्हणाले, मायचंच झाड ठेवून राहिलो, बाकीचं काढून राहिलो. डोळे पुसत होते, अन् म्हणत होते, घाम जाऊन राहिला डोळ्यात. मंग घरी येऊन गोळी घेतली." मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. "अन् मले म्हणे, बाईले सांगू नोको हं. तिले समजलं का तिचं खरं निघालं, तं ती लय मोठी होऊन बसन. मीच सांगन तिले, आंबियाची तोड झाल्यावर. तिले इथंच आणतो, अन् तोंड कसं होते ते पाहतो."

माझं तोंड कसं झालं होतं ते शोभानं पाहिलं. तू पाहायला पाहिजे होतंस, लबाडा.

म्हणजे तू समजला होतास. धाकानं नाही. मायच्या झाडावर आरी धरण्याइतकं तुला पटलं होतं, आणि एवढी मोठी गोष्ट तू मला चकित करायची म्हणून दाबून ठेवलीस. आता मी तुला काय म्हणू? शहाणा म्हणू की मूर्ख? तू पटवून घेतलंस याचा आनंद मानू की ते मला त्याच आठवड्यात सांगितलं नाहीस म्हणून रडू? सकाळपासून मी हेच भांडण भांडते आहे, आणि तू नेहमीसारखा मोटार सुरू करायला निघून गेला आहेस.

निघायला उठले तेव्हा दिसलं. दोन कापांच्या मधे, सालीतून, एक नवा पानसोट फुटला होता. बोटाच्या पेराएवढा, लुसलुशीत, अजून काटाही न आलेला. तू दवाखान्यात गेल्यापासून इकडं कोणी फिरकलं नव्हतं, तेवढ्यात त्यानं डोकं वर काढलं. इतका सुंदर होता दिगू, की हात पुढं होईना.

मग मी नखानं खुडला तो. वरच्या खांदीखाली ओंजळभर पाणी घातलं आणि शोभाला म्हटलं, "चाल. आता च्या ठेव. दिगूचं अन् माहं मिटलं म्हणून सांग सगळ्यायले." ते खोटं होतं, पण संध्याकाळ झाली होती.